बांगड्यांचा आहेर

साहेबांनी टेबलावरून हात पुढे केला. म्हणाले, "घाल बघू. कुठलं माप बसतं मला?"

सगळी खोली हसली.

माझ्या हातात पितळी ताट होतं. ताटात हिरव्या बांगड्या, हळद, कुंकू, नारळ. ताट सलीमभाईंनी दिलेलं. सलीमभाई आमच्या मोहल्ल्याचे नगरसेवक. त्यांच्याबरोबर मोहल्ल्यातली दहा-बारा माणसं. टेबलापलीकडे पोलीस ठाण्याचे मोठे साहेब. दारात शिपाई. एक पेपरवाला. दोघा-तिघांचे मोबाईल माझ्याकडे वळलेले. मी बुरख्यात. खोलीत बाई म्हणून मी आणि कोपऱ्यातली एक पोलीस बाई.

मी ताट टेबलावर ठेवलं आणि साहेबांचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी दाबला. चार बोटं जवळ आवळली. अंगठा आत वळवला. माप घेतलं.

मला तसं करायचं नव्हतं. आम्ही मणियार. बांगड्या भरणं हा आमचा धंदा. लग्न झाल्यापासून समोर हात आला की मी धरते. डोक्याला कळायच्या आधी बोटांना कळतं. त्या दिवशीही तेच झालं. माझ्या हातांनी मला विचारलं नाही.

"साहेब, खरंच माप घेऊ लागली की हो!" दारातला शिपाई ओरडला.

पुन्हा हसणं. शिपाई हसले. पेपरवाला हसला. सलीमभाई तोंडावर रुमाल धरून हसले. दंगल झाल्यापासून आमच्या गावात दोन्ही बाजूंची माणसं एका खोलीत बसून हसली नव्हती. त्या दिवशी हसली. माझ्यावर.

माझ्या कानांतून आग निघत होती. साहेबांचा हात अजून माझ्या हातातच होता.

त्याच्या आधीचं सांगते.

मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. माहेर पहूरकडचं. तिथल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही मी खाली बघायची. लग्न करून इकडे, धरणगावच्या बाजूला आले. घरी आमची हिंदी. बाजारात अहिराणी. माहेरची बोली वेगळी, ही वेगळी. मला समजायची नाही. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये रुईचे गठ्ठे उचलायला जायचा आणि मी सासूजवळ टपरीत बसायची. बायका काही बोलल्या की मी नुसती हसायची.

ही बोली मला शिकवली सुमनअक्काने. अक्का पाटील गल्लीतली. माझ्यापेक्षा मोठी. गल्लीतल्या बायकांना घेऊन यायची. "हाई नवी भाभी शे. इले बोलता येत नही. तुम्हीच बोला," असं म्हणून माझ्यासमोर हात टाकायची. तिच्या दोन्ही पोरींच्या लग्नाचा चुडा मी भरला. तिचा पोऱ्या पंकज लहान असताना टपरीच्या फळीवर बसायचा. फुटलेले काचेचे तुकडे रंगाप्रमाणे वेगळे करायचा. हिरवे इकडे, लाल तिकडे. मी ओरडायची, हात कापशील म्हणून.

सासूने धंद्याचे नियम शिकवले. भरताना बांगडी फुटली तर ती आपली, बाईकडून तिचे पैसे घ्यायचे नाहीत. मोजून झाल्या की वर एक द्यायची. आणि एकदा हात धरला की मोकळा सोडायचा नाही. बाई कितीही ओरडू दे, दुखतंय म्हणू दे, निदान एक बांगडी गेल्याशिवाय हात सोडायचा नाही. अपशकुन असतो.

भरून झालं की बाई वाकून नमस्कार करते. कुठल्याही जातीची असो, वयाने मोठी असो. मणियारणीला नमस्कार करूनच उठते. अक्काही करायची. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. सासू म्हणाली, तो तुला नाही, काचेला आहे. घेत जा.

मग ती मिरवणूक निघाली, जिच्यावरून दंगल झाली.

कशावरून सुरू झालं हे मला माहीत नाही. आमचे म्हणतात मशिदीसमोर मुद्दाम गाणं वाजवत मिरवणूक थांबवली. ते म्हणतात दगड आधी आला. मी बघितलं नाही, म्हणून त्याबद्दल मी बोलत नाही. मी जे बघितलं तेवढंच बोलते.

ओरडा ऐकून मी टपरीला फळ्या लावायला पळाले. अजून उजेड होता. बसस्टँडकडून पोरं आली. त्यांत पंकज होता. तोंड झाकलेलं नव्हतं. हातात पाण्याची बाटली, आत पेट्रोल. कोपऱ्यावर चार पोलीस उभे होते. डोक्यावर टोप, हातात काठ्या. गर्दीतून कुणी तरी त्यांना ओरडलं, "बांगड्या भरा!" आणि सगळे हसले. पोलीस हलले नाहीत.

पंकज माझ्यासमोर आला. मला बघून क्षणभर थांबला. मला वाटलं, परत जाईल.

तो म्हणाला, "भाभी, बाजूले सरक. भाजशी."

हळू आवाजात म्हणाला. घरातला माणूस सांगतो तसं. चुलीजवळ बसलेल्या पोराला सांगतात तसं.

मी सरकले.

काच जळत नाही. आधी तडकते. मग वाकते, एकमेकीला चिकटते. लाकूड जळून गेल्यावर खाली रंगीत गोळा उरला. सकाळी मी तो हाताने उचलून बघितला. जड होता.

तक्रार द्यायला गेले. बाहेरच्या बाकावर दिवसभर बसले. पुढचा दिवसही. नंतर साहेबांनी आत बोलावलं. त्या दिवशी ते चांगलं बोलले. चहा सांगितला.

"किती वर्षांची टपरी?"

मी सांगितलं.

"वाईट झालं. अज्ञात जमावाने जाळली, असं लिहू. मदत मिळेल सरकारकडून."

मी मान खाली घालून म्हणाले, "साहेब, अज्ञात नाही. मी नाव सांगते."

साहेबांनी पेन ठेवलं. "नाव कशाला? नाव आलं की पुन्हा पेटेल. तुला शांतता पाहिजे की नको?"

तेवढ्यात शिपायाने चहाचा पेला माझ्या हातात दिला.

"तुझा नवरा काय करतो?"

"जिनिंगमध्ये आहे. हमाल. त्या दिवशी पण कामावरच होता."

"दगडफेकीत खूप नावं यायची आहेत अजून," साहेब म्हणाले. "एक वाढलं तर कुणाला कळणार नाही. चहा घे. गार होतोय."

मी चहा प्यायले. हे सांगताना सुद्धा तोंड कडू होतं. त्याने मला धमकी दिली आणि मी त्याच्यासमोर बसून त्याचा चहा प्यायले, कारण पेला हातात दिला होता आणि नाही म्हणायचं मला येत नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नाव घेऊ नको. टपरी परत उभी राहते. माणूस आत गेला की राहतो."

त्यानंतर गावात मोबाईलवर निरोप फिरले. त्यांच्याकडून काही घेऊ नका. भाजी नको, फळं नको, बांगड्या नको. मी उधार माल आणून टोपलीत घेऊन बसले. बायका समोरून जायच्या. ज्यांची मनगटं मला डोळे मिटून ओळखता येतात, त्या पदर ओढून जायच्या.

एका दुपारी सुमनअक्का आली. मागच्या बोळातून. पदर कपाळापर्यंत. हातात बाजरीची पिशवी. आत येऊन खाली बसली.

"पोऱ्यानं डोकं फिरेल व्हतं, भाभी. लोकेसनी भरी दिधं."

तिने बाजरीची पिशवी माझ्याकडे सरकवली.

"मनी सूनले पाचवा महिना शे. सातव्यात हिरव्या बांगड्या भरन्या शेतस. तूच येशी. मी बठ्ठी गल्ली तुनाकडे आनसू. कोन काय म्हनस ते मी देखसू. पन नाव लेऊ नको व माय."

सगळी गल्ली परत आणीन, फक्त नाव घेऊ नको, असं म्हणून ती वाकली. माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

बांगडी आधी भरायची असते. नमस्कार नंतर असतो. इतक्या वर्षांत अक्काने तो क्रम कधी चुकवला नव्हता. त्या दिवशी हात मोकळेच होते आणि ती वाकली. मला तिची दया आली. आणि मला रागही आला. जिने मला या गावात बोलायला शिकवलं, तीच मला गप्प बसायला सांगत होती.

मी तिला उठवलं. हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. बाजरी ती ठेवून गेली. ती मी दळली नाही. कोपऱ्यात तशीच पडून राहिली.

आणि मग सलीमभाई आले. बरोबर चार पोरं. उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"भाभी, कल पुलिस स्टेशन चलना है. साहब को बांगड्यांचा आहेर देंगे. सब पेपर में आएगा."

मी दाराआडून विचारलं, "मेरी तक्रार लिखेंगे क्या?"

"वो सब बाद में. आपको कुछ बोलना नहीं है. बस ताट पकडना है. टपरी आपकी जली, तो ताट आपके हाथ में अच्छा दिखेगा."

बांगड्या ते जळगावहून घेऊन आले होते. डबा उघडून दाखवला. लहान पोरींच्या मापाच्या. कोणत्याही बाईच्या हातात जाणार नाहीत अशा. दुकानात जाऊन नुसतं हिरव्या द्या म्हणाले असतील.

रात्रभर त्या डब्याकडे बघत होते असं सांगितलं तर खोटं होईल. मी झोपले. दमलेली होते. सकाळी उठून बुरखा घातला आणि निघाले. सगळ्यांनी जे जे सांगितलं ते ते मी करत आले. बाजूला सरक म्हटलं, सरकले. चहा घे म्हटलं, घेतला. ताट धर म्हटलं, धरलं.

आता पुन्हा त्या खोलीत येते.

साहेबांचा हात माझ्या हातात. सगळे हसतायत. सलीमभाई पेपरवाल्याला म्हणाले, "लिहा, पोलिसांनी बांगड्या भरल्या." साहेब हसत हसत म्हणाले, "भरतो की. भाभीच्या हातून भरायच्या तर काय हरकत आहे?"

आणि मला एकदम दिसलं. गर्दीतली पोरं पोलिसांना ओरडली होती, बांगड्या भरा. आता आमचे लोक तेच म्हणत होते. साहेबही तेच समजून हसत होते. या एका गोष्टीवर कुणाचं भांडण नव्हतं. बांगडी म्हणजे भेकड. बांगडी म्हणजे काही न करणारा.

मग मी काय भरत आले इतकी वर्षं? माझी सासू काय भरत होती? अक्काच्या पोरींच्या हातात मी काय घातलं? टपरीसमोर त्या दिवशी एकटी मी उभी होते. माझ्या हातात बांगड्या होत्या. काठीवाल्या चौघांच्या हातात नव्हत्या.

साहेबांनी हात मागे ओढला. मी सोडला नाही.

आधी त्यांना गंमत वाटली. पुन्हा ओढला. बांगड्या भरणाऱ्या बाईची पकड असते. हात ओढणाऱ्या नवरीला आम्ही दुखू न देता धरून ठेवतो.

"सोड," साहेब म्हणाले. हसू गेलं होतं.

मी म्हणाले, "साहेब, आमच्यात धरलेला हात मोकळा सोडत नाहीत. माझी तक्रार लिहून घ्या. मग सोडते."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. बारीक होता, पण खोलीत दुसरा आवाज नव्हता.

"भाभी, ये क्या कर रहे हो? छोडो हाथ! पराया मर्द है," सलीमभाई पुढे आले.

"ताट तुमचं आहे. ते तुम्ही द्या," मी म्हणाले. "या बांगड्या मी देणार नाही. ही शिवी नाही. हा माझा धंदा आहे."

पोलीस बाई जवळ आली. "मावशी, सोडा. साहेब आहेत ते." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण ओढलं नाही.

मी नाव सांगितलं. पंकजचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गल्ली. पेट्रोलची बाटली सांगितली. तो मला काय म्हणाला ते त्याच्याच बोलीत सांगितलं. मग म्हणाले, "तुमचे चार जण कोपऱ्यावर उभे होते. ते पण लिहा. त्यांना बघता येत होतं. ते का हलले नाहीत, त्यांना कुणी सांगितलं होतं, ते मला पाहिजे."

मोबाईल चालूच होते. माझी फजिती घ्यायला काढले होते, बंद करायचं कुणाला सुचलं नाही. साहेबांनी एकदा त्या मोबाईलांकडे बघितलं. मग दारातल्या शिपायाला म्हणाले, "घे रे, लिहून घे."

मी हात सोडला. त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते.

लिहिलेलं मी वाचायला मागितलं. मला वाचायला वेळ लागतो. ओळीखाली बोट धरून वाचते. सगळे थांबले. पंकजचं नाव होतं. चार पोलिसांचं काही नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "ते इथे होत नाही. वर अर्ज करा, जळगावला."

मी सही केली. बाहेर आले. सलीमभाईंनी मला गाडीत घेतलं नाही. चालत घरी आले.

नंतर जे झालं ते सांगते, कारण लोकांना वाटतं की बोललं की सुटका होते.

त्या व्हिडिओतला फक्त हात धरल्याचा तुकडा गावात फिरला. मी बोलले तो भाग कुणी पाठवला नाही. मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, परक्या मर्दाचा हात धरते, हिला शरम नाही. सलीमभाईंची बायको माझा सलाम घेत नाही. पाटील गल्लीत मला कुणी बोलावत नाही. पंकजला धरला, आणि आठवड्याभरात माझ्या नवऱ्यालाही धरला. दगडफेकीत. साहेबांनी सांगितलं होतं तसंच. जिनिंगच्या मुकादमाला माहीत होतं तो कुठे होता ते. मुकादम म्हणाला, मला यात ओढू नका. दोघेही जामिनावर सुटले. माझा नवरा आणि पंकज एकाच दिवशी ठाण्यात हजेरी द्यायला जातात. एकाच बाकावर बसतात म्हणे.

नवरा मला काही बोलत नाही. शिव्याही देत नाही. ताट वाढलं की जेवतो आणि उठतो. एकदाच म्हणाला, "टपरी त्याने जाळली. घर तू." त्याचं खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही. पण खरं आहे असंही म्हणणार नाही.

जळगावला मी अर्ज दिला. दोनदा जाऊन आले. चौकशी चालू आहे म्हणतात. कोण करतं आहे विचारलं तर सांगत नाहीत. पुन्हा जाईन.

आता मी टोपली घेऊन आजूबाजूच्या आठवडे बाजारांत बसते. परवा अशाच एका बाजारात एक पोटुशी पोरगी समोर येऊन बसली. बरोबर तिची आई. पोरीने हात पुढे केले. मी धरले. माप घेताना वर बघितलं आणि ओळखलं. पंकजची बायको. माहेरी आली असणार.

तिने मला आधीच ओळखलं होतं. तरी बसली होती.

मी हिरव्या बांगड्या काढल्या. तिचे हात सुजलेले, म्हणून एक माप मोठं घेतलं. हळूहळू भरल्या. एक फुटली, ती मी बाजूला ठेवली. मोजून झाल्यावर वर एक दिली.

हात माझ्या हातात असतानाच तिने विचारलं, अगदी बारीक आवाजात, "मावशी, कोर्टात नाव सांगशाल का?"

तिची आई दुसरीकडे बघू लागली.

मला तिचं पोट दिसत होतं. अक्काचं वाकलेलं डोकं आठवलं. फळीवर बसून काचा वेगळ्या करणारं पोर आठवलं.

"सांगेन," मी म्हणाले.

तिने हात काढून घेतले. बांगड्या नीट केल्या. उठली. नमस्कार न करता गेली.

चालेल. तो नको मला. तिच्या बाळाच्या बारशाला बोलावलं तर मी त्याच्या मनगटात काळे मणी बांधीन, आणि दुसऱ्या दिवशी तारीख असेल तर कोर्टात जाऊन त्याच्या बापाचं नाव सांगेन. मग त्या चार पोलिसांचं विचारेन. मग त्यांच्या साहेबांचं. आमच्या सलीमभाईंना विचारेन की माझी तक्रार नंतर का होती. कुणी हसलं तर हसू दे. मला आता लोकांच्या हसण्याची सवय झाली आहे.

त्या दिवशी टपरीसमोर पंकज म्हणाला, भाभी, बाजूले सरक. मी सरकले. आता नाही सरकणार.